एचपीव्हीची लस: ‘मुली मेल्या होत्या’ हा फॉरवर्ड येतो कुठून

मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की हल्ली पेडियाट्रिशियन सहज सांगून जातात, एचपीव्हीची लस घेऊन टाका. मग घरात चर्चा सुरू होते आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘या लसीने मुली मेल्या होत्या’ असं काहीतरी पाठवतंच. आता गंमत अशी की हा फॉरवर्ड हवेतून आलेला नाही, त्यामागे खरी घटना आहे, फक्त तिचा निम्मा भाग प्रत्येक वेळी गळालेला असतो.

आधीचं फार लांबवत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, आहे हे 1980 च्या दशकात एका जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, त्याला 2008 मध्ये नोबेल मिळालं. लस अमेरिकेत 2006 ला मंजूर झाली आणि आपल्याकडे 2008 ला. तिच्यात जिवंत व्हायरस नसतो, नुसतं त्याच्या कवचाचं प्रोटीन असतं, त्यामुळे लसीने इन्फेक्शन होण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा सहा महिन्यांत तीन डोस असा कोर्स होता.

खरी भानगड 2009 ची. आंध्रातला खम्मम जिल्हा (आता तेलंगणात) आणि गुजरातमधला वडोदरा, इथे एका परदेशी संस्थेने सरकारी यंत्रणेला हाताशी धरून 10 ते 14 वयाच्या मुलींना लस द्यायला सुरुवात केली. वीस हजारांवर मुली, बऱ्याचशा आदिवासी, गरीब घरच्या, कितीतरी हॉस्टेलवर राहणाऱ्या. त्यातल्या सात मुली पुढच्या काही महिन्यांत गेल्या. बातमी झाली, महिला संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल 2010 मध्ये केंद्राने काम थांबवलं. फॉरवर्ड इथपर्यंतच सांगतो.

पुढे चौकशी समिती बसली. मृत्यूंची कारणं बघितली तर कुणी पाण्यात बुडून गेली होती, कुणी साप चावून, कुणी कीटकनाशक पिऊन, कुणी मलेरियाने. लसीशी संबंध दिसत नाही असं समितीने म्हटलं. पण त्याच समितीला आणि नंतर 2013 मध्ये अहवाल देणाऱ्या संसदीय समितीला जे कागद सापडले ते वाचून डोकं फिरतं. आंध्रात तपासलेल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर सही हॉस्टेलच्या वॉर्डनची होती. आईबापांची नाही, वॉर्डनची! आणखी 1,948 वर नुसते अंगठे. वॉर्डन आणि हेडमास्तरांनी सही केली तरी चालेल अशी सूचना वरूनच गेली होती म्हणे. म्हणजे ज्या निर्णयावर आज आपण चार जणांना विचारतो, गूगल करतो, रात्री नवरा-बायको बोलत बसतो, तो निर्णय त्या मुलींच्या बाबतीत हॉस्टेल सांभाळणाऱ्या माणसाने एका सहीत उरकला.

आयोजकांचं म्हणणं होतं की लस आधीच मंजूर आहे, आम्ही फक्त ती शाळांमधून कशी पोचवता येईल ते बघतोय, ही काही ट्रायल नाही. आणि ट्रायल नाही म्हटलं की मुलींचा विमा, त्रास झाला तर नोंद करायची यंत्रणा, स्वतंत्र देखरेख, हे सगळं ऐच्छिक होऊन बसतं. संसदीय समितीने हा युक्तिवाद मानला नाही, ती याला सरळ संशोधनच म्हणाली, आणि माझ्या मते बरोबरच म्हणाली. लस चांगली असणं आणि ती देण्याची पद्धत चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तेव्हापासून लोकांच्या मनात त्या अशा चिकटल्यात की अजून सुटत नाहीत.

त्या बंदीचा एक परिणाम मात्र कुणाच्या स्वप्नातही नसेल. त्याच काळात देशात एक दुसरा, रीतसर अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीनच लागतात हे बघायला, त्यात पुणे आणि बार्शीच्या मुलीही होत्या. सरकारी आदेशाने तोही अडकला, पुढचे डोस देता येईनात आणि जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. 2021 ला दहा वर्षांची आकडेवारी आली तेव्हा दिसलं की कॅन्सरला कारण ठरणाऱ्या, व्हायरसच्या 16 आणि 18 या दोन मुख्य प्रकारांचं टिकून राहणारं इन्फेक्शन एका डोसनेही 95 टक्क्यांच्या आसपास टळतंय. केनियातल्या ट्रायलनेही तेच सांगितलं आणि 2022 मध्ये जागतिक पातळीवर एक डोसही चालेल अशी शिफारस आली.

दरम्यान बायकांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीवर भर द्या, लस कशाला, असं म्हणणारेही होते आणि त्यांच्याकडे मुद्दा होता. उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,000 च्या वर बायकांवर झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते, 2009 ची गोष्ट. पण लस घेतली म्हणून तपासणी सुटत नाही, लस सगळे प्रकार अडवत नाही, त्यामुळे हे किंवा ते असा वादच मुळात चुकीचा होता.

जपाननेही 2013 मध्ये दुष्परिणामांच्या तक्रारींवरून शिफारस मागे घेतली, तिथे 70 टक्क्यांवरचं लसीकरण एका टक्क्याखाली गेलं, पुन्हा सुरू व्हायला 2022 उजाडलं. तोवर 2020 मध्ये स्वीडनचा 16 लाखांहून जास्त मुली-बायकांचा अभ्यास आला होता, सतराच्या आत लस घेतलेल्यांमध्ये कॅन्सर 88 टक्के कमी. वय हा मुद्दा तिथे दिसतो. उशिरा घेतलेल्यांमध्ये फायदा निम्म्यावरच राहिला, कारण हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो आणि लस आधीच्या इन्फेक्शनला काही करत नाही. ‘एवढ्या लहान मुलीला आत्ताच कशाला’ याचं उत्तर हेच आहे, लाजायचं काही कारण नाही.

आपल्याकडे सिक्कीमने 2018 मध्ये शाळांमधून मोहीम घेतली, आधी शिक्षकांशी आणि पालकांशी बोलून, आणि 95 टक्क्यांच्या वर मुलींनी लस घेतली. मग 2022 मध्ये पुण्यात तयार झालेल्या देशी लसीला मंजुरी मिळाली, फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम बजेटमध्ये 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख आला आणि दुसऱ्याच दिवशी एक मॉडेल याच कॅन्सरने गेल्याची खोटी बातमी, जनजागृती म्हणे. त्या प्रकाराने विषयाची अशी थट्टा झाली की पुढचे काही दिवस लसीबद्दल गंभीरपणे बोलणंही अवघड झालं होतं.

डोसचा गोंधळ अजून आहे. देशी लसीच्या मंजुरीत 9 ते 14 ला दोन आणि 15 पासून तीन डोस आहेत, जागतिक शिफारशीत एकही चालतो. म्हणून एक डॉक्टर दोन सांगतात, दुसरे म्हणतात एक पुरे, आणि दोघांच्याही बोलण्याला आधार असतो.