यांग-लियांग-छांग-लू योग

यांग-लियांग-छांग-लू हा ‘झी वेई डौ शू’ या पारंपरिक चिनी कुंडलीपद्धतीतील विद्येचा आणि परीक्षेतील यशाचा योग आहे. सूर्य (ताइयांग), थ्येनलियांग, वनछांग आणि ‘लू’ अशी त्याची चार अंगे. ही चारही अंगे जीवनगृहात (कुंडलीतले मुख्य घर), त्याच्या समोरच्या घरात आणि त्रिकोणातील (चार-चार घरे दूर असलेल्या) दोन घरांत मिळून जमली, की योग झाला असे मानतात. जुन्या सूत्रात त्याचे फळ मोजक्या शब्दांत दिले आहे: नाव पहिल्या क्रमांकाने पुकारले जाईल. हे पुकारणे म्हणजे सरकारी अधिकारी निवडणाऱ्या, राजवाड्यातील अंतिम परीक्षेचा निकाल. छिंग काळात तो बेजिंगच्या राजवाड्यात ताइहे सभागृहासमोर मोठ्याने वाचून दाखवत, आणि पहिल्याला ‘च्वांगयुआन’ म्हणत. ही परीक्षा साधारणपणे तीन वर्षांतून एकदा होई. शेवटची १९०४ मध्ये झाली आणि १९०५ मध्ये ती पद्धतच बंद झाली. योग मात्र टिकला. हाँगकाँग आणि तैवानमधील ज्योतिषी आज तो विद्यापीठ प्रवेश, सरकारी नोकरीच्या परीक्षा आणि संशोधन यांना लावतात.

झी वेई डौ शूचे जनकत्व परंपरा छन थ्वान या दाओपंथी साधूला देते (मृत्यू ९८९). पद्धतीच्या प्रमुख संग्रहाला मिंग काळातील लुओ होंगशियान (१५०४–१५६४) याच्या नावाची प्रस्तावना आहे. लुओ हा नकाशाकार म्हणून प्रसिद्ध, आणि १५२९ चा च्वांगयुआन. परीक्षेच्या योगांना मान देणाऱ्या ग्रंथाला प्रस्तावना मिळावी तीही च्वांगयुआनची! हे नाव वजनासाठी नंतर जोडले असावे, असा संशय त्यामुळेच घेतला जातो.

चार अंगे

भारतीय ज्योतिषाची सवय असलेल्या वाचकाने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. या पद्धतीतले ‘तारे’ आकाशात पाहून मांडत नाहीत. चांद्र वर्ष, महिना, दिवस आणि दोन तासांची जन्मवेळ यांवरून ते मोजून बसवतात. म्हणून दुपारी जन्मलेल्याच्या कुंडलीतही सूर्य सूर्योदयाच्या घरी असू शकतो. घरे बारा, आणि त्यांना उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर अशी क्रमाने प्राण्यांची नावे आहेत.

सूर्य म्हणजे कीर्ती आणि चारचौघांत दिसणे. तो सशाच्या घरापासून घोड्याच्या घरापर्यंत बलवान असतो, कोंबड्याच्या घरी मावळतीला लागतो, डुक्कर आणि उंदीर या घरांत निस्तेज होतो. थ्येनलियांग हा वडीलधारा, सावली धरणारा तारा. देखरेख, वैद्यक, नियम या गोष्टी त्याच्याकडे. पण तो संकट आणून मग सोडवतो अशी त्याची ख्याती आहे आणि सूर्याच्या उजेडाशिवाय तो नुसताच उपदेशक ठरतो. वनछांग हा लेखन आणि परीक्षांचा तारा. साप, कोंबडा, बैल या घरांत तो सर्वांत चांगला. वाघ, घोडा, कुत्रा या घरांत पडका.

गफलत होते ती चौथ्या अंगात. ‘लू’ दोन प्रकारचे असतात. लूत्सुन हा स्वतंत्र तारा वर्षाच्या दशचक्रातील अक्षरावरून (वर्षांना क्रमाने लागणाऱ्या दहा अक्षरांपैकी एक, जसे रन, च्या, यी) बसतो. हुआ लू हे त्याच अक्षरामुळे एखाद्या ताऱ्याला मिळणारे रूपांतर आहे. योगासाठी दोन्हींपैकी कोणतेही चालते, पण दोन्हींची प्रत सारखी नाही. या पद्धतीच्या चोंगचौ घराण्याच्या मते थ्येनलियांगला हुआ लू मिळणे फारसे बरे नव्हे: देखरेख करणाऱ्याच्या हाती पैसा आला की किटाळ येते. या योगात लूत्सुन अधिक स्वच्छ, हे मत पटण्याजोगे आहे.

सूर्य आणि थ्येनलियांग यांच्यातील अंतर गणिताने नेहमी सम घरांचेच येते. त्यामुळे प्रत्येक कुंडलीत कुठल्या ना कुठल्या घराकडून पाहिले तर ते दोघे एकत्र दिसतातच. ‘माझ्या कुंडलीत सूर्य-लियांग आहेत’ या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. ते जीवनगृहाकडून दिसायला हवेत. दोघे एकाच घरात फक्त दोन मांडण्यांत येतात. झी वेई हा सम्राट-तारा घोड्याच्या घरी असेल तर ते सशाच्या घरी बसतात, उंदराच्या घरी असेल तर कोंबड्याच्या. पहिली मांडणी सर्वांत मानाची. जीवनगृहही तिथेच आले तर तिला ‘मेघगर्जनेच्या दारावर सूर्य’ असे वेगळे नाव आहे. दुसरीत सूर्य अस्ताला लागलेला असतो. हुशारी असते, नाव होत नाही, असे तिचे फळ सांगतात.

एक कुंडली मांडून

चिनी वर्ष ‘रन’ अक्षराचे, चांद्र महिना नववा, दिवस दहावा, वेळ मेंढीची (दुपारी १ ते ३) असे धरू. २००२ हे रन वर्ष होते आणि त्या वर्षी नवव्या महिन्याचा दहावा दिवस १५ ऑक्टोबरला आला. त्याच दिवशी आपल्याकडे दसरा होता. हा निव्वळ योगायोग नाही. चिनी महिना अमावास्येच्या दिवसापासून मोजतात, महाराष्ट्रातला अमान्त महिना अमावास्या संपल्यावर सुरू होतो, आणि चिनी नववा महिना बहुधा आश्विनाशीच जुळतो.

आधी जीवनगृह. वाघाच्या घराला पहिला महिना धरून पुढे मोजले, की नववा महिना कुत्र्याच्या घरी येतो. तिथे उंदराची वेळ (रात्री ११ ते १) धरून उलटे मोजायचे: कोंबडा, माकड, मेंढी, घोडा, साप, ड्रॅगन, ससा. मेंढीची वेळ सशाच्या घरी थांबते. ते जीवनगृह.

वनछांगही उंदराच्या वेळेला कुत्र्याच्या घरून निघतो आणि उलटाच चालतो, म्हणून तोही सशाच्या घरी येतो. नवव्या महिन्यात जन्मलेल्या प्रत्येकाचा वनछांग जीवनगृहातच पडतो, मग वेळ कोणतीही असो. हौशी मंडळी हे पाहून हरखतात, पण त्यात दुर्मीळ काही नाही.

रन वर्षात वाघाच्या घराला ‘रन’, सशाच्या घराला ‘ग्वेई’ हे अक्षर मिळते. या जोडीचे तत्त्व धातू, म्हणून गट ४ (हाच पुढच्या हिशोबातला भाजक). आता झी वेईची जागा काढायची. दिवस १० ला ४ ने भाग जात नाही, म्हणून २ मिळवून १२ करायचे, भागाकार ३. वाघापासून तीन घरे मोजली की ड्रॅगन. मिळवलेली संख्या सम असेल तर तितकी घरे पुढे, विषम असेल तर मागे. २ सम आहे, म्हणून दोन घरे पुढे गेलो की झी वेई घोड्याच्या घरी. याच महिन्यात, याच वेळेला २०, २३ आणि २९ या दिवशीही तो तिथेच येतो. २३ चा हिशोब चुकतो तो नेमका इथे: १ मिळवून २४, भागाकार ६, सहावे घर मेंढीचे, आणि १ विषम म्हणून एक घर मागे. सवयीने पुढे गेले की झी वेई माकडाच्या घरी जातो, सशाच्या घरी ऐषआरामाचा थ्येनथोंग येऊन बसतो आणि विद्वानाची कुंडली एका पावलात सुखवस्तू माणसाची होते.

झी वेई घोड्याच्या घरी, म्हणजे सूर्य तीन घरे मागे, सशाच्या घरी. थ्येनफू हा तारा वाघ-माकड अक्षाच्या पलीकडे प्रतिबिंबासारखा, कुत्र्याच्या घरी येतो. त्याच्यापासून पाच घरे पुढे थ्येनलियांग, तोही सशाच्या घरी. रन वर्ष थ्येनलियांगला हुआ लू देते आणि लूत्सुनला डुकराच्या घरी बसवते. ते घर सशाच्या त्रिकोणातले, इथे धनाचे. चंद्र तिथेच बलवान आहे, वाङ्मयाचा वनछ्यूही तिथेच. परीक्षकांची मर्जी देणारा थ्येनक्वेई तर रन वर्षात सशाच्या घरीच असतो. चारही अंगे भरली, दोन्ही प्रकारचे लू आले.

योगभंग कशाने होतो

इतके जुळूनही निकाल वर्षाच्या शाखेवर, म्हणजे वर्षाच्या प्राण्यावर, फिरतो. अग्नितारा हुओशिंग याच वेळेला उंदीर, ड्रॅगन आणि माकड वर्षांत कोंबड्याच्या घरी, म्हणजे जीवनगृहाच्या अगदी समोर येतो. वाघ, घोडा आणि कुत्रा वर्षांत तो माकडाच्या घरी जातो आणि दृष्टीबाहेर राहतो. म्हणून १९८२, २००२ किंवा २०२२ ची कुंडली १९७२ किंवा १९९२ च्या तुलनेत निर्मळ धरतात.

बाकी वर्षाक्षरांत ‘च्या’ वर्ष सूर्यालाच ‘ची’ हे बाधक रूपांतर देते, तर ‘शिन’ वर्ष वनछांगला. शिनमध्ये लूत्सुन कोंबड्याच्या घरून समोर दिसतो, चार नावांची यादी कागदावर पूर्ण होते, आणि तरीही योग भंगलेला असतो, कारण परीक्षेचा ताराच दूषित आहे: अर्जातली चूक, राहून गेलेली सही, हुकलेली तारीख असे त्याचे फळ सांगतात. ‘कंग’ वर्ष सूर्याला हुआ लू देते खरे, पण छिंगयांग आणि थ्वोलुओ हे दोन क्रूर तारे कोंबडा आणि मेंढी या घरांतून जीवनगृहावर येतात. ‘यी’ वर्षात लूत्सुन सशाच्या घरीच असतो, थ्येनलियांगला ‘अधिकार’ हे रूपांतर मिळते, आणि चंद्राला ‘ची’ लागतो. तरीही माझ्या मते रन खालोखाल यीच.

दशक (आयुष्याची दहा-दहा वर्षे, प्रत्येकावर एका घराचा अंमल) हा वेगळा विषय, आणि बहुतेक वरवरची वर्णने तो गाळतात. धातू गटात पहिले दशक चौथ्या वर्षी सुरू होते (वय चिनी रीतीने, जन्मतः १). परीक्षांचे वय, १४ ते २३, दुसऱ्या दशकात पडते. रन वर्षात पुरुषाची दशके पुढे सरकतात, स्त्रीची मागे. वरच्या कुंडलीत मुलाचे दुसरे दशक ड्रॅगनच्या घरी: तिथे लढाऊ छीशा आणि पोकळीचा तिखोंग, शिवाय त्या घराचे अक्षर ‘च्या’, म्हणजे दहा वर्षे जीवनगृहातल्या सूर्याला ‘ची’. मुलीचे दशक वाघाच्या घरी. त्याचे अक्षर पुन्हा ‘रन’, त्यामुळे थ्येनलियांगला लू दुसऱ्यांदा मिळतो. त्याच घरातल्या वूछ्यूला मात्र ‘ची’ही दुसऱ्यांदा लागतो. ज्योतिषी याचा अर्थ यश मिळेल, पण पैशाची ओढाताण आणि राबणूक सोसून, असा लावतात. एकाच जन्मवेळेच्या जुळ्या बहीणभावांना वेगवेगळे भाकीत मिळते ते यामुळे.

या पद्धतीत ६० वर्षे, १२ महिने, ३० दिवस आणि १२ वेळा मिळून २,५९,२०० कुंडल्या होतात. स्त्री-पुरुष भेद धरला तर ५,१८,४००. चीनमध्ये २००२ साली साधारण १ कोटी ६४ लाख जन्म झाले, म्हणजे दोन तासांच्या एका वेळेत सरासरी सुमारे ३,७००. दसऱ्याच्या त्या दुपारी एवढ्या बाळांना हा योग मिळाला, आणि जुन्या सूत्रातला पहिला क्रमांक मात्र एकच असे. योगाचे फळ अनुभवाने सिद्ध झाले आहे असे म्हणायला आधार नाही; टीकाकार हाच हिशोब पुढे करतात, आणि ज्योतिषी घराणे, प्रदेश, दशक यांकडे बोट दाखवतात.

जन्मवेळ आणि पंचांग

सगळ्यात जास्त कुंडल्या बिघडतात त्या इथे. दुपारी ३ नंतर वेळ माकडाची होते आणि जीवनगृह वाघाच्या घरी सरकते. त्याचाही गट धातूच, म्हणून तारे जागेवर राहतात, पण सूर्य आणि थ्येनलियांग आता आईवडिलांच्या घरात आणि वनछांग पडक्या जागी. १ वाजण्याआधीचा जन्म असेल तर जीवनगृह ड्रॅगनच्या घरी जाते, गट अग्नीचा ६ होतो आणि झी वेईसह सगळे तारे हलतात.

मराठी पंचांगावरून चिनी तारीख काढू नये. चिनी दिवस सलग मोजतात, क्षय किंवा वृद्धी तिथी नसते. अधिक महिनाही दोन्हींकडे एकाच वेळी येतो असे नाही. २०२३ मध्ये चिनी अधिक महिना दुसरा होता, आपला अधिक श्रावण. मधले काही महिने क्रमांक एकाने चुकतात. अधिक महिन्यातल्या जन्माचे पहिले १५ दिवस मागील महिन्यात आणि उरलेले पुढील महिन्यात धरण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, सर्वत्र नाही. वर्षही चांद्र नववर्षाला बदलते. ‘चार स्तंभ’ या दुसऱ्या चिनी ज्योतिषपद्धतीत ते फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या आसपास बदलते, आणि दोन्ही सरमिसळ केल्या की वर्षाक्षरच चुकते.

घड्याळाची वेळ आणि खरी सौरवेळ यांतला फरकही काढावा लागतो. चीनभर एकच प्रमाणवेळ १२० अंश रेखांशाची. उरुम्छी साधारण ८७.६ अंशावर आहे, तिथे फरक सुमारे २ तास १० मिनिटांचा, म्हणजे एक अख्खी वेळ बदलते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशाची, मुंबई सुमारे ७२.८ अंशावर, तिथे घड्याळातून साधारण ३९ मिनिटे वजा करावी लागतात. चीनमध्ये १९८६ ते १९९१ या उन्हाळ्यांत घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातल्या जन्मनोंदीत दुपारी ३:२० असेल, तर आधी २:२० करून मगच मोजणी सुरू करतात.