वाइन जितकी जुनी तितकी चांगली? उन्हाळ्यात तरी नाही

‘वाइन जुनी तितकी भारी’ हे ऐकून लोक नाशिकच्या छोट्या वायनरीतून आणलेली शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनची बाटली कपाटात वर्षानुवर्षं जपतात. जीव हळहळतो! फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली काही शेनिन दशकानुदशकं मुरते, मान्य. पण नाशिककडची हलकी पांढरी वाइन बहुतेक वेळा ताजीच प्यायची, वर्षा-दोन वर्षांत. त्यात आपली कपाटं म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. पेरू-लिंबाचा तो वास उडतो, रंग तपकिरीकडे झुकतो, चव कापून ठेवलेल्या काळपट सफरचंदासारखी लागते. आपल्याकडे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. लेबलवर त्या तोडणीचं साल असतं, तेच बघा, नवं असेल ते घ्या आणि ८ ते १० अंशांपर्यंत गार करून प्या.