ढोल वाजला की पुढे, घंटा वाजली की मागे

इ.स.पू. ६८४. चीनमधल्या आजच्या शानतुंग प्रांतातल्या छांगशाओ इथे लू आणि छी या राज्यांच्या फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. छी बलाढ्य, लू त्या मानाने दुबळं. लूचा अधिपती झ्वांग चढाईचा ढोल वाजवायला निघाला, तर त्याचा सल्लागार त्साओ ग्वेईने त्याला रोखलं. छीचा ढोल एकदा वाजला, दोनदा वाजला. लूची फौज जागची हलली नाही. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्साओ म्हणाला, आता. छीची दाणादाण उडाली. पुढे त्याने कारण सांगितलं: लढाई हिमतीवर चालते. पहिल्या ढोलाला ती उसळते, दुसऱ्याला ओसरते, तिसऱ्याला संपते.

सैनिकांना चेव आणणं हे ढोलाचं एक काम झालं. त्याहून मोठं काम हुकूम पोचवण्याचं होतं. रथांचा खडखडाट, धूळ, आरडाओरडा यांत सेनापतीचा आवाज कुठवर जाणार? प्राचीन चिनी युद्धविचारवंत सन त्झूने आपल्या ‘युद्धशास्त्र’ या ग्रंथात त्याच्याही आधीच्या एका लष्करी ग्रंथाचा दाखला दिलाय: बोललेलं ऐकू येत नाही म्हणून ढोल आणि घंटा, नजर पोचत नाही म्हणून निशाणं. रात्रीच्या लढाईत भर मशाली आणि ढोलांवर, दिवसाच्या लढाईत निशाणांवर.

संकेत साधे होते, आणि साधे होते म्हणूनच टिकले. ढोल एकदा वाजला की पुढे सरकायचं, पुन्हा वाजला की तुटून पडायचं. धातूचा आवाज आला की थांबायचं, पुन्हा आला की माघार. धातू म्हणजे कांस्याची, दांडा धरून ठोकायची ‘झंग’ नावाची घंटा. कातड्याचा घुमारा आणि कांस्याचा खणखणाट भर गदारोळातही वेगळे ओळखू येतात. या निवडीमागची अक्कल मला फार मोठी वाटते.

ढोल सेनापतीच्याच रथावर असे. त्याची किंमत इ.स.पू. ५८९ च्या आनच्या लढाईत दिसते. छीशी लढणाऱ्या जिन राज्याचा सेनापती शी के याला बाण लागला, रक्त जोड्यापर्यंत ओघळलं, तरी त्याने ढोल थांबू दिला नव्हता. अखेर आता जमत नाही, असं तो म्हणाला. त्याचा सारथी शिए झांग याच्या हातात कोपरापर्यंत बाण घुसले होते. ते मोडून तो रथ हाकतच होता. साऱ्या फौजेचे डोळे आणि कान आपल्या निशाणावर आणि ढोलावर आहेत, असं त्याने सेनापतीला बजावलं, लगाम डाव्या हातात घेतले आणि उजव्याने ढोल बडवू लागला. घोडे उधळले, मागोमाग फौज धावली, आणि छीच्या सैन्याचा ह्वाबूझू डोंगराभोवती तीन फेरे पाठलाग झाला. तो ढोल थांबला असता तर जिनची फौजही थांबली असती.

ही पद्धत पुढे शतकानुशतकं चालली. पहिल्या छिन सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या फौजेतही काही रथांपाशी ढोलांचे अवशेष आणि कांस्याची घंटा सापडली. मिंग राजवटीच्या काळात, १५६० च्या सुमारास, समुद्री चाच्यांशी लढणाऱ्या सेनापती छी जिग्वांगने सनईच्या जातीचं ‘स्वोना’ हे वाद्य हुकूम ऐकायला अंमलदारांना गोळा करण्यासाठी ठरवून दिलं होतं. शिपायांना त्याची ताकीद अशी: ढोल वाजतोय तोवर समोर पाणी असो की आग, पुढेच जायचं, घंटा वाजली की समोर सोन्या-चांदीचा डोंगर असला तरी मागे फिरायचं.