ओ लार्सन बी (गाणं)

'ओ लार्सन बी' हे ब्रिटिश सी पॉवर या इंग्लिश इंडी रॉक बँडचं २००५ सालचं गाणं. रफ ट्रेड लेबलने काढलेल्या 'ओपन सीझन' या त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये ते नवव्या नंबरला आहे. गाणं आहे अंटार्क्टिकातल्या बर्फावर, म्हणजे २००२ मध्ये फुटून समुद्रात गेलेल्या लार्सन बी या आइस शेल्फला उद्देशून म्हटलेलं, आणि माझ्या मते बँडचं सगळ्यात सुंदर गाणं हेच, तरी बँडचा विषय निघाला की लोक दुसरीच चार गाणी सांगतात आणि हे राहून जातं.

आधी तो बर्फ समजून घ्यायला हवा, त्याशिवाय गाण्यात काय चाललंय ते नीट कळत नाही. जमिनीवरच्या हिमनद्या सरकत सरकत समुद्रापर्यंत येतात आणि त्यांचा बर्फ न तुटता पाण्यावर तरंगत पुढे पसरतो, तो आइस शेल्फ. लार्सन हे नाव कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाचं, १८९३ मध्ये तो आपलं 'जेसन' जहाज घेऊन या बर्फाच्या कडेकडेने गेला होता. या बर्फाचे भाग ए, बी, सी असे पाडलेत. ए १९९५ मध्येच गेला. बी मात्र शेवटचं हिमयुग संपल्यापासून, म्हणजे सुमारे १२,००० वर्षं टिकून होता असं शास्त्रज्ञ मानतात, आणि तो २००२ च्या जानेवारी अखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, ३५ दिवसांत फुटला! सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षा थोडासाच लहान तुकडा, आणि जाडी २०० मीटरच्या वर. तिथल्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची तळी साचली, ते पाणी भेगांमध्ये उतरलं आणि त्या वजनाने भेगा पार खालपर्यंत फाटत गेल्या, हे सगळं सॅटेलाइटच्या फोटोंमध्ये दिसलं. शेल्फ आधीच तरंगत असल्यामुळे त्याच्या फुटण्याने समुद्राची पातळी थेट फारशी वाढत नाही, पण मागच्या हिमनद्यांना अडवून धरणारी वस्तूच गेली की त्या जोरात समुद्राकडे निघतात, आणि इथे नेमकं तेच झालं.

आता गाणं. गायलंय बँडच्या गायक यानने, म्हणजे स्कॉट विल्किन्सनने, त्याच्या त्या अर्ध्या कुजबुजीच्या आवाजात. शब्द प्रेमगीताचे आहेत पण मजकूर बातमीतला: तुला बारा हजार वर्षं मिळाली आणि आता सगळं संपलं, पाचशे अब्ज टन बर्फ वगैरे. पाचशे अब्ज टन हा आकडा हवेतून आलेला नाही, मार्च २००२ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या ब्रिटनच्या संशोधन संस्थेने हाच सांगितला होता, आणि तो सरळ चालीत बसवलाय. पुढे तो शेल्फला आपला सगळ्यात लाडका किनाऱ्याचा अंटार्क्टिक शेल्फ म्हणतो, भूगोलाच्या पुस्तकातले शब्द आहेत हो हे, पण ते इतक्या मायेने म्हटलेत की ऐकताना गळा भरून येतो. मग कोरसमध्ये तो त्याला हाक मारतो, पड माझ्यावर, या समुद्राचं मीठ कमी कर. शेल्फचा बर्फ बर्फवृष्टीतून साठलेला, त्यामुळे गोड्या पाण्याचा, तो वितळला की समुद्राचा खारटपणा खरंच उतरतो, म्हणजे ओळ भावुक आहे आणि बरोबरही आहे. कुठे उपदेश नाही, पेट्रोल कमी जाळा, झाडं लावा असलं काही नाही, जे गेलं त्याच्यावर जीव होता एवढंच सांगितलंय, आणि पर्यावरणावरच्या गाण्यांमध्ये हे मला तरी फार कमी वेळा ऐकायला मिळालंय.

शब्द संपल्यावरही गाणं घाईने बंद होत नाही, गिटारींना भरपूर जागा दिलीय, त्या चढत जातात, एकमेकींत मिसळतात. हा भाग कट करून गाणं रेडिओवर चालवायचं म्हटलं तर काही उरणार नाही.

दुर्लक्ष का झालं याची कारणं बरीच साधी आहेत. सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून वेगळी काढून, 'इट एंडेड ऑन अॅन ऑइली स्टेज' आणि 'प्लीज स्टँड अप' पुढे आली, हे अल्बमच्या पोटात राहिलं. दुसरं म्हणजे अल्बमच मधल्यामध्ये अडकला: २००३ चा पहिला अल्बम आरडाओरडा करणारा, स्टेजवर झाडाच्या फांद्या आणि खोटे पक्षी लावून धुमाकूळ घालणाऱ्या बँडचा, तर २००८ च्या तिसऱ्याला मर्क्युरी प्राइझ या ब्रिटनमधल्या अल्बमच्या पुरस्काराचं नामांकन, त्यामुळे मधला 'ओपन सीझन' म्हणजे जरा गुळगुळीत झालेला अल्बम असा शिक्का बसला. मला तो शिक्का मुळीच पटत नाही. कंब्रियातल्या केंडलकडचे दोघे भाऊ, यान आणि हॅमिल्टन, डोंगर, पक्षी, हवामान यांच्यावर सुरुवातीपासूनच गाणी करत होते, इथे फक्त आवाज खाली आणलाय म्हणून शब्द ऐकू येतात.

२०२१ मध्ये बँडने नावातलं ब्रिटिश काढून टाकलं, आता ते नुसतं सी पॉवर आहे. त्याआधी २०१९ च्या 'डिस्को एलिसियम' या व्हिडिओ गेमचं संगीत त्यांनी केलं, त्याला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या एका जुन्या बी-साइडला (सिंगलसोबत दिलेलं दुय्यम गाणं), 'द स्मॉलेस्ट चर्च इन ससेक्स'ला, गेममधल्या कॅरिओकेच्या सीनमुळे नवीन श्रोते मिळाले. 'ओ लार्सन बी'च्या वाट्याला तसं काही आलेलं नाही. गेममुळे बँडपर्यंत पोचलेल्यांनी 'ओपन सीझन' लावून आठवं 'व्हिक्टोरियन आइस' आणि नववं हे, अशी बर्फाची दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत, शफल बंद करून.