बाटलीतले मिलिमीटर आणि बंधाऱ्यावरचे फूट

जुलैमध्ये कोल्हापुरात सकाळी सकाळी दोन आकडे फिरतात. पाऊस इतके मिलिमीटर, पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इतके फूट. दोन्ही पट्टीवर वाचलेली पाण्याची उंचीच, म्हणून पावसानं उघडीप दिली की आपण म्हणतो, आता नदी उतरणार. तसं होतंच असं नाही. यातला पहिला आकडा घरी मोजून बघा, म्हणजे दुसरा नीट कळतो.

कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्या. झाकण काढा, वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून आत बसवा. तळ खळग्याखळग्यांचा असतो, म्हणून खडे टाकून सरळ भाग लागेपर्यंत पाणी भरा. ती रेघ शून्य. तिथून वर पट्टी चिकटवा. बाटली गच्चीवर मोकळ्यात, झाडाच्या आणि वळचणीच्या लांब, चार विटांच्या आधारानं ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा (हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो) आणि पाणी परत शून्यावर आणा. मोठं नरसाळं मात्र लावू नका. त्याचा व्यास बाटलीच्या दुप्पट असेल तर पाणी चौपट चढतं, 10 मिलिमीटरचे 40 दिसतात. बाटली जाडी की बारीक याला महत्त्व नाही, तोंड आणि पोट एका मापाचं हवं.

1 मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर पाणी. रोजच्या आकड्यांची बेरीज केली की महिन्याचा पाऊस मिळतो.

फुटांची बेरीज करून काही मिळत नाही. काल 36, आज 38 म्हणजे नदी दोन फूट चढली, एवढंच. ती पट्टी रोज कुणी शून्यावर आणत नाही. शिवाय त्यात आपल्या गच्चीवरचं पाणी नावालाच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या जे घेऊन येतात ते घाटाकडच्या गगनबावडा, राधानगरी भागातलं. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, मग शहरात ऊन पडलेलं असलं तरी पंचगंगा चढू शकते. 39 फूट इशारा पातळी, 43 धोका पातळी. बाटलीवर अशी रेघ मारता येत नाही.

उलटंही होतं. वळवाची एखादी जोरदार सर बाटली भरते, शहरातला जयंती नाला फुगतो, आणि बंधाऱ्यावरचा आकडा जेमतेम हलतो. पण काठच्या गल्लीतल्यांनी बाटली कोरडी बघून माळ्यावरचं सामान खाली काढू नये. आधी फूट विचारावेत.