डुबकीआधी वय विचारायचं की दम?

१९७४ साली केनियात एका जर्मन बाईंनी स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, वर्गात नाव घातलं आणि वय तब्बल वीस वर्षांनी कमी सांगितलं. चित्रपट दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांचा जन्म १९०२ चा, म्हणजे तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. (नाझी प्रचारपटांमुळे त्यांचं नाव कायमचं डागाळलं, तो विषय वेगळा.) खरं वय कळलं तर पाण्यात उतरू देणार नाहीत, ही त्यांची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती.

डायव्हिंगचे बहुतेक नियम नौदलातून आले. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं मांडली. खोलवर श्वास घेताना नायट्रोजन शरीरात मुरतो आणि घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. हा वायू चरबीत पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो, म्हणून लठ्ठ माणसांना या कामापासून दूर ठेवा, असं हाल्डेन यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पुढची कोष्टकं पारखली गेली ती मुख्यतः नौदलातल्या तरुण, काटक पाणबुड्यांवर. पन्नाशीतला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस त्या हिशेबात नव्हताच.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी सिलिंडरमधली हवा पाण्याखाली पुरवणारं अ‍ॅक्वालंग तयार केलं आणि पाण्याखालचा श्वास सामान्य माणसाच्या हातात आला. १९६० मध्ये ‘नाउई’ आणि १९६६ मध्ये ‘पॅडी’ या प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. सुरुवातीचं प्रशिक्षण लष्करी थाटाचं असे: जोर-बैठका काढायच्या, आणि पाण्याखाली प्रशिक्षकाने मास्क ओढून घेतला तरी डोकं शांत ठेवायचं. हळूहळू उपकरणं सुधारली, वर्ग सोपे आणि कमी मुदतीचे झाले. माझ्या मते हे चांगलंच झालं. पण तरुणपणी शिकलेली ती पिढी डुबक्या मारता मारता म्हातारी होत गेली, आणि साठीत पहिल्यांदा सिलिंडर पाठीवर घेणारेही येऊ लागले.

त्याचे परिणाम मृत्यूंच्या नोंदींत दिसले. १९८० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सुरू झालेल्या, पुढे ‘डॅन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेने १९९२ ते २००३ मधले ९४७ मृत्यू तपासले. २००८ च्या त्या अहवालात हवा संपणं हे दुर्घटनेचं सर्वांत मोठं निमित्त ठरलं. पण माणूस प्रत्यक्षात कशाने निकामी झाला हे जिथे कळलं, तिथे सुमारे एक चतुर्थांश वेळा हृदयाने दगा दिला होता, आणि त्यात वयस्क जास्त.

हृदयावर ताण येतो तो निव्वळ पाण्यात उतरल्यानेही. पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्यात प्रवाहाविरुद्ध पोहणं आणि शेवटी भरल्या सिलिंडरसकट बोटीची शिडी. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पीटर विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी ११ जणांची हकिगत छापली. यांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं होतं, पण समुद्राचं नव्हे. शरीरातलंच द्रव रक्तवाहिन्यांतून आत झिरपलं होतं. वरून पाहणाऱ्याला ते साधं बुडणंच वाटणार.

मग डॉक्टरी तपासणीच कडक करायची? ब्रिटनच्या क्लबांत तशी पद्धत होती: चाळिशीपर्यंत दर पाच वर्षांनी, पन्नाशीपर्यंत तीन वर्षांनी, नंतर दरवर्षी. स्कॉटलंडमधल्या नोंदी चाळल्यावर दिसलं की प्रश्नावलीत जे कळत होतं, त्यापलीकडे स्टेथोस्कोपला विशेष काही सापडत नव्हतं. २००१ पासून ब्रिटनच्या क्लबांत तपासणीऐवजी स्वतः भरायचा फॉर्म आला.

डायव्हिंग शिकणाऱ्यांनी भरायच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-प्रश्नावलीत वय आहे, पण एकटं नाही. पंचेचाळिशीनंतर धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घराण्यातला हृदयविकार यांची चौकशी होते. दम मात्र सगळ्यांनाच विचारतात: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं किंवा न थांबता २०० मीटर पोहणं जड जातं का? रे वूली हे ब्रिटिश गृहस्थ २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या ‘झेनोबिया’ जहाजापाशी ४२ मीटरपर्यंत उतरले होते. नुसत्या जन्मसालावर बोट ठेवलं असतं तर ते किनाऱ्यावरच राहिले असते.

या फॉर्मवर एकाही प्रश्नाला ‘हो’ नसेल, तर डॉक्टरांकडे जावंच लागत नाही. रीफेनश्टाल यांना तो फारच सोयीचा वाटला असता.