भूकंपीय छेद आणि गुरुत्व नकाशा: पश्चिम किनाऱ्याच्या दुभंगाचे दोन वेगळे पुरावे

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला आणि तिथून पुढे अरबी समुद्रात जाणारी एक रेषा नकाशावर ओढली, तर ती भारताच्या दुभंगलेल्या पश्चिम कडेला जवळजवळ काटकोनात छेदते. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स या कडेपासून वेगळे झाले. या ताणामुळे जमिनीखाली 35 ते 40 किलोमीटर जाड असलेले भूकवच समुद्राकडे पातळ होत गेले आणि प्रावरण, म्हणजे कवचाखालचा अधिक घन थर, त्या प्रमाणात वर आले. अशा कडेच्या रंगीत छेदचित्राखाली ‘भूकंपीय व गुरुत्वीय माहितीवर आधारित’ असे लिहिलेले असते. भूगोल किंवा भूशास्त्र शिकणारे आपल्याकडचे विद्यार्थी त्याचा अर्थ ‘दोन्ही पद्धतींना हेच दिसले’ असा घेतात. हा समज दूर व्हायला हवा, कारण या दोन पद्धती मुळात वेगवेगळ्या राशी मोजतात.

भूकंपीय सर्वेक्षणात वेळ मोजली जाते. जहाजामागून ओढलेल्या एअरगनमधून दाबलेली हवा सोडून ध्वनिलहरी निर्माण करतात आणि थराथरांवरून परतणाऱ्या लहरी हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यातील ध्वनिग्राहकांच्या, लांब केबलवर नोंदवतात. म्हणून परावर्तन छेदाचा उभा अक्ष बहुधा सेकंदांत असतो, किलोमीटरमध्ये नव्हे. जाऊन-येऊन दोन सेकंद लागले, तर पाण्यात त्याचा अर्थ सुमारे दीड किलोमीटर खोली असा होतो. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाच्या खडकात तोच काळ सहा किलोमीटर जाडी दाखवतो. त्यामुळे वरचे पाणी खोल होत गेले, की खालची सपाट सीमासुद्धा अशा छेदात वाकलेली दिसते. वेगाची विश्वसनीय माहिती हवी असेल, तर समुद्रतळावर भूकंपमापक ठेवून दूरवरून आलेल्या अपवर्तित, म्हणजे खडकांतून वाकत आलेल्या, लहरी नोंदवाव्या लागतात.

गुरुत्व सर्वेक्षणात वेळेचा संबंध नसतो. तिथे ओढ मोजली जाते आणि त्या ओढीत जवळचा गाळ, दूरचा डोंगर आणि तीस किलोमीटर खालचे प्रावरण या सर्वांचा एकत्रित वाटा असतो. मोजमापाचे एकक मिलीगॅल, म्हणजे पृथ्वीच्या सामान्य गुरुत्वत्वरणाचा साधारण दहा लाखावा भाग. एक किलोमीटर जाडीच्या विस्तीर्ण थराची घनता आसपासच्या खडकांपेक्षा घनमीटरला 300 किलोग्रॅमने कमी असेल, तर गुरुत्व सुमारे साडेबारा मिलीगॅलने घटते. तीन किलोमीटर जाडी आणि 100 किलोग्रॅमचा फरक असला, तरी घट तेवढीच येते. नकाशावरील एकच आकडा अनेक रचनांना लागू पडतो आणि त्यांतील खरी कोणती, हे केवळ गुरुत्वावरून ठरवता येत नाही.

खंडाच्या कडेवर आणखी एक घोटाळा होतो. विसंगती म्हणजे मोजलेले आणि अपेक्षित गुरुत्व यांतील फरक. त्यात फक्त उंचीची दुरुस्ती केलेल्या फ्री-एअर विसंगतीच्या नकाशावर उथळ समुद्रतळाच्या काठाशी चढ आणि त्यापलीकडे उतार अशी जोडी दिसते. पाण्याची वाढती खोली गुरुत्व घटवते आणि वर आलेले प्रावरण ते वाढवते, पण हे दोन परिणाम वेगवेगळ्या खोलीवरून येत असल्याने एकमेकांना पूर्णपणे रद्द करत नाहीत. म्हणून कोणताही मोठा प्रस्तरभंग नसतानाही ही जोडी उमटते. पाण्याच्या जागी खडक आहे असे मानून बूगे विसंगती काढली, की मात्र समुद्राकडे सतत चढत जाणारा आलेख मिळतो. दोन नकाशे शेजारी ठेवताना कोणती विसंगती दाखवली आहे, हे आधी पाहायला हवे.

गुरुत्वाचा अर्थ लावताना किती सावध राहावे लागते, याचे बोधक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कोयना आणि कुर्डुवाडी येथील गुरुत्वाच्या घटीवरून दख्खनच्या बेसॉल्टखाली दुभंग-दऱ्या दडल्या असाव्यात, अशी मांडणी 1973 मध्ये झाली होती. पुढे कोयना परिसरात वैज्ञानिक छिद्रण झाले, तेव्हा बेसॉल्टच्या खाली थेट ग्रॅनाइट-नाइस प्रकारचा पाया लागला. दरीत साचलेले असावेत असे जाड, हलके गाळखडक मध्ये सापडले नाहीत. गुरुत्वाची घट खरीच होती, मोजमाप चुकले नव्हते. तिचे कारण मात्र दुसरीकडे, त्याहून खोल कवचात, शोधावे लागते.

याचा अर्थ भूकंपीय पद्धत निर्दोष आहे असा नाही. बेसॉल्टचे थर लहरी विखुरतात आणि त्यांच्याखाली कमी वेगाचा गाळ असेल, तर अपवर्तित लहरींच्या पहिल्या आगमनात तो उमटतच नाही. दख्खनच्या संदर्भात मला ही मर्यादा सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्वालामुखीय कडेवर नेमके हवे ते बेसॉल्टखालीच असते. खोल कवचात सेकंदाला 7.2 ते 7.6 किलोमीटर वेग मिळाला, तर तो तळाशी गोठलेल्या शिलारसाचा असू शकतो किंवा पाणी मुरून सर्पेंटाइनयुक्त झालेल्या प्रावरणाचाही. दोन्हींच्या घनताही जवळजवळ असल्यामुळे येथे गुरुत्वाची फारशी मदत होत नाही. दुय्यम लहरींचा वेगही मोजून प्राथमिक लहरींशी त्याचे गुणोत्तर पाहावे लागते.

अरबी समुद्राच्या तळाखालील लक्ष्मी कटक ही डोंगररांग तर दोन्ही पद्धतींना एकत्र बसवून विचार करायला लावणारे स्थळ आहे. गाळाखाली उंचवटा असूनही तिथे फ्री-एअर गुरुत्व कमी भरते. त्यावरून तो हलक्या खंडीय कवचाचा सुटलेला तुकडा असावा, असा अर्थ अनेकांनी लावला. शेजारच्या लक्ष्मी खोऱ्यात 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी छिद्रण मोहीम क्रमांक 355 ने बेसॉल्टपर्यंत छिद्र नेले. पण वरचा बेसॉल्ट हाती आला म्हणून खालचे कवच महासागरीच आहे, असे सिद्ध होत नाही.

मॉडेल तपासताना आणखी एक प्रश्न विचारावा. गुरुत्व मॉडेलातील घनता बहुधा भूकंपीय वेगावरूनच काढलेल्या असतात. मग गणित आणि निरीक्षण जुळले, तर ती सुसंगतीची तपासणी ठरते, स्वतंत्र साक्ष नव्हे. गुरुत्वाचे खरे बळ दोन भूकंपीय रेषांमधील रिकाम्या जागेत आहे, कारण उपग्रहांनी मोजलेल्या समुद्रपृष्ठाच्या उंचीवरून सबंध महासागराचे गुरुत्व काढता येते आणि जमिनीवर उपकरण गावोगाव नेता येते. कोयना परिसरात गुहागर ते सांगली जिल्ह्यातील चोरोची अशी खोल भूकंपीय रेषा 1970 च्या दशकात घेतली गेली. तिच्यावरून कळलेली जाडी दक्षिणेला कोल्हापूर-रत्नागिरी रेषेवर गुरुत्वाच्या आधारे नेताना कवचाची घनता तीच राहते, असे गृहीत धरावे लागते. आणि सिंधुदुर्ग-बेळगावकडे बेसॉल्ट संपून कलादगी गटाचे गाळखडक व त्याहून जुने स्फटिकी खडक उघडे पडत असल्याने, तिकडे जाताना गुरुत्वातील बदल मोहो सीमेच्या (कवच आणि प्रावरण यांमधील सीमेच्या) खोलीचा आहे की खडकांच्या बदलाचा, हे तिथली भूकंपीय रेषा हाती असल्याखेरीज वेगळे करता येत नाही.